पट्टी उमटेपर्यंत

आंदर मावळातल्या आमच्या गावाहून मी निघाले त्या सकाळी एसटी आलीच नाही. दादांनी, माझ्या वडिलांनी, बॅग खांद्यावर घेतली आणि कामशेतच्या रस्त्याला लागले. वाटेत एकदाच बोलले, "तितं लय थंडी आसंल. कान बांधत जा." जीप मिळाली तेव्हा "जय भीम" म्हणाले आणि माझ्याकडे न बघता माघारी वळले.

जर्मनीतल्या प्रयोगशाळेत माझं काम भाताच्या पानांवर. प्रकाशसंश्लेषणाला लागणारं एक प्रथिन कडक उजेडात मोडतं. ते किती उरलंय हे बघायला अँटिबॉडी वापरतात. ती नेमकी त्याच प्रथिनाला चिकटते आणि पातळ पांढऱ्या पडद्यावर त्या जागी काळी पट्टी उमटते. माझा पडदा कोराच राही. दुसरी अँटिबॉडी मागवली, रोपं पुन्हा वाढवली, तरी कोरा. करार संपत आला होता. निकाल नाही तर मुदतवाढ नाही, हे आमच्या प्रमुख बाईंनी अगदी गोड शब्दांत सांगून टाकलं होतं.

त्याच सुमारास दादा विसरायला लागले. आधी बैलाचं नाव, मग शेताची वाट. आई फोनवर म्हणायची, "तुला लय इचारत्यात. कवा येतीस?" मी म्हणायचे, एवढं झालं की येते. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांना हे वाक्य पाठ असेल. पुढे आईनं "इचारत्यात" म्हणणं बंद केलं. मी जिन्यात बसून रडायचे आणि डोळे पुसून परत हातमोजे चढवायचे. काम सोडून गेले तर इथं परतायचं दार बंद. थांबले तर दादा हातचे जात होते.

शेवटी कारण सापडलं. पानांचा नमुना उकळला की ते प्रथिन गोळा होऊन, पडद्यावर उतरवण्याआधी प्रथिनं ज्या जेलीच्या थरातून सरकवतात, तिच्या तोंडाशीच अडकायचं. न उकळता नुसता गरम केला आणि पट्टी उमटली. ठळक, काळी. तिथूनच मी व्हिडिओ कॉल लावला. येते म्हणून सांगायचं होतं.

दादांनी मला निरखून बघितलं. टोपी नीट केली. "तुमी कुटल्या, बाई?"

मी आमच्या गावाचं नाव सांगितलं.

"व्हय? मंग आमच्या पोरीला वळखत आसाल. लांब आसती आता. लय शिकलीय."

"आवो, तीच हाय ती," मागून आई म्हणाली.

"तिला म्हणावं, सवडीनं ये. आमी हितंच हाय."

तिकीट काढलंय. घर म्हणजे आता, मी कोण हे जिथं मला रोज सकाळी सांगावं लागेल, ती जागा. सांगेन.