पेपर होईपर्यंत

अमरावतीच्या एका निवासी शाळेत मी सहा वर्षं गृहमाता होते. नेमणुकीच्या पत्रात हा शब्द मोठा भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात बेचाळीस मुलींच्या उवा काढायच्या, तारेवरचे कपडे कुणाचे ते ओळखायचे, पाळी आलेल्या पोरीला गरम पाण्याची पिशवी द्यायची, आणि वरणात पाणी जास्त झालं म्हणून स्वयंपाकाच्या मावशींशी रोज एकदा तरी भांडायचं. भांडणात मी कमी नव्हते. माझा आवाज गेटपर्यंत जातो असं मुली म्हणायच्या, आणि ते खरंच होतं.

रविवारी सकाळी घरी फोन करायचा दिवस. मुलींना मोबाइल ठेवायला बंदी, त्यामुळे फोन माझा. प्रत्येकीला पाच मिनिटं, माझ्या खोलीत, माझ्यासमोर, आणि स्पीकर सुरू ठेवून. नियम शाळेचा होता, पण तो मला पटायचाही. मी समोर बसून मेथी निवडायची आणि ऐकत नसल्याचं सोंग करायची. कुणाच्या गाईला कालवड झाली, कुणाच्या काकाकाकूंचं वाजलं, सगळं मला ठाऊक असायचं.

दहावीतली एक मुलगी चांदूर बाजारकडच्या एका खेड्यातली होती. घरचा भाजीपाल्याचा मळा, आईवडील दोघंही मळ्यात आणि बाजारात, आणि दोघीच बहिणी. थोरली हिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. आई पहाटेच वांगी-मिरच्या तोडायला जायची, तेव्हा हिची वेणी घालणं, हिला शाळेत पोचवणं, ताप आला तर रात्रभर उशाशी बसणं हे सगळं थोरलीनं केलेलं. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचं होतं, पण मळ्यात हात कमी पडत होते. ती घरी राहिली आणि धाकटी आमच्याकडे आली.

धाकटी आईशी एक मिनिट बोलायची आणि उरलेली चार मिनिटं ताईशी. दोघींचा एक जुना ठराव होता. आपल्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. यांना भाऊ नाही, म्हणून थोरलीच्या लग्नात कान धाकटीनं पिळायचा. "असा पिळीन ना मॅडम, जिंदगीभर ताईले उलटून बोलनार नाई तो," असं ती मला मोठ्या ऐटीत सांगायची. खोलीतल्या मुलींवर तिनं सरावसुद्धा केला होता. एकीचा कान लाल झाला म्हणून तक्रार माझ्यापर्यंत आली तेव्हा मी रागावले, आणि दार लावून हसले.

फेब्रुवारी सरत आला असताना तिच्या वडिलांचा फोन आला. वार रविवार नव्हता, म्हणून मी आधी दार लावून घेतलं. पण बातमी चांगली होती. थोरलीचं लग्न जमलं होतं. मुलगा अकोल्याचा, जठारपेठेत फळांचं दुकान, घर बरं. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून त्या लोकांना थांबायचं नव्हतं. तारीख मार्चमधली निघाली होती. मी लगेच भिंतीवरचं दहावीचं वेळापत्रक पाहिलं. भूमिती आणि विज्ञानाच्या पेपरांमधल्या मोकळ्या दिवशी लग्न होतं.

"मंग तं झालंच भाऊ," मी म्हटलं. "सकाळी या, घेऊन जा, संध्याकाळी आणून सोडा. तासाभराचा रस्ता हाय."

मग ते म्हणाले, "तेच सांगाले फोन केला मॅडम. तिले काईच सांगू नका. पेपर होयेपर्यंत."

माझा पारा चढला. रागात आले की माझं उरलंसुरलं शुद्ध मराठीही पळून जातं. "काहून? सख्खी बहीन हाय तिची! उद्या थे काय म्हनन?"

"रडन, अजून काय? ताई चालली म्हनून चार दिवस रडन, आन् पेपर जाईन. तिच्यासाठीच तं थोरलीनं शिक्षन सोडलं. तुमी शिकलेल्या, तुमाले समजते."

मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून शांतपणे सांगितलं की परीक्षेच्या दिवसांत वडिलांच्या सहीशिवाय मुलगी गेटबाहेर जाणार नाही, आणि घरची गोष्ट मुलीला सांगायची की नाही हेही वडीलच ठरवतील. "आपण मधे पडायचं नाही, मॅडम." नियमाच्या बाजूनं ते बरोबरच होते. माझ्याकडे धान्याच्या कोठीपासून मुलींच्या पेट्यांपर्यंत सगळ्या चाव्या होत्या, पण या बाबतीत मला कुणी विचारतच नव्हतं.

तरी मी सांगितलं असतं. मला खरंच वाटतं, एखाद्या दिवशी वेणी घालता घालता माझ्या तोंडून निघालंच असतं. पण दोन दिवसांनी थोरलीचा फोन आला. "मॅडम, बाबा म्हनते म्हनून नाई, मीच म्हनून राहिली. तिले मालूम पडलं तं थे पेपर सोडून येईन. मी ओळखतो तिले. माह्या गळ्याची शपथ हाय तुमाले." शपथ वगैरे मी मानत नाही. त्या पोरीच्या आवाजानं मात्र मी गप्प बसले.

पुढचे रविवार फार वाईट गेले. धाकटी फोनवर विचारायची, "ताई कुठी हाय?" आई म्हणायची, वावरात गेली वांगे तोडाले. त्याच्या पुढच्या रविवारी ताई मामाच्या गावाला गेली होती. मागून भांड्यांचे आवाज, चारपाच बायकांचं हसणं ऐकू यायचं. धाकटी विचारायची, "कोन आलं व घरी?" आई म्हणायची, "कोनी नाई, शेजारच्या हाय." स्पीकर सुरू, आणि मी समोर मान खाली घालून मेथीची चांगली पानंसुद्धा देठांत टाकत होते.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "मॅडम, ताईले काई झालं तं नाई ना? माह्याशी बोलूनच नाई राहिली."

"काय होनार हाय तिले?" मी खेकसले. "भूमिती झाली का तुही? जा, प्रमेयं लिहून काढ."

ती गेली. मी खेकसले नसते तर रडले असते, हे तिला कसं कळणार होतं?

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी भूमितीचा पेपर झाला. दुपारी दहावीच्या मुली अभ्यासाच्या हॉलमध्ये विज्ञान घेऊन बसल्या. आमच्याकडे मोठ्यानं वाचायची पद्धत आहे. शहरातून आलेल्या शिक्षिका कानावर हात ठेवतात, पण आमच्या मुलींना त्याशिवाय पाठ होत नाही. मी दारात खुर्ची टाकून बसले होते. फोन वाजला. थोरली होती. मागे हळदीची गाणी चालली होती.

"मॅडम, काय करून राहिली थे?"

"वाचून राहिली."

"बोलाचं नाई मले. फक्त आवाज आयकाचा होता."

मी उठून हॉलच्या खिडकीपाशी गेले आणि फोन गजाला टेकवून धरला. आत बारा मुली एकाच वेळी वाचत होत्या. कुणाचं गुरुत्वाकर्षण, कुणाचं भिंग, कुणाची विद्युतधारा. मलासुद्धा त्यातून एकेकीचा आवाज वेगळा काढता येत नव्हता. थोड्या वेळानं मी फोन कानाला लावला. थोरली म्हणाली, "भेटला तिचा आवाज. दमून राहिली ना? वाक्य अर्धंच सोडते थे दमली की. तिले जरा पानी प्याले सांगजा." आणि फोन बंद झाला. मी आत जाऊन सगळ्यांना पाणी प्यायला उठवलं, कारण एकटीलाच कशी उठवणार?

लग्नाच्या दिवशी मला काही सुचेना. कोठीतून रवा काढला आणि मावशींना सांगितलं, आज सगळ्यांना शिरा. मावशींनी कपाळाला आठ्या घातल्या, पण केला. मुलींनी विचारलं, "काहून मॅडम, आज काय हाय?" मी म्हटलं, गणित सुटलं म्हणून. धाकटीनं दोनदा मागून घेतला. "बम भारी झाला मॅडम," म्हणाली. बहिणीच्या लग्नाचं गोडधोड म्हणून तिला मिळालं ते एवढंच, आणि ते कशाचं आहे हे तिला माहीत नव्हतं. मी वाढणं मावशींवर सोपवलं आणि न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

शेवटचा पेपर झाल्यावर वडील घ्यायला आले. पेटी उचलताना माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "घरी गेल्यावर सांगतो." धाकटी वर्गमैत्रिणींना मिठ्या मारत होती. त्याही वेळी मी सांगू शकले असते. पेपर संपले होते, शपथही संपली होती. मी तिच्या हातात खारे शेंगदाणे दिले आणि घरी सगळ्यांना नमस्कार सांग म्हटलं.

निकाल लागल्यावर ती शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. गुण चांगले होते, विज्ञानात तर वर्गात सगळ्यांत जास्त. वडिलांनी कार्यालयात पेढे वाटले. ते सहीसाठी थांबले तेव्हा ती तिच्याकडे राहिलेली कपाटाची चावी परत करायला माझ्या खोलीत आली. पाया पडली. पेढ्याचा खोका पुढे केला. मी पेढा घेतला, पण तोंडात टाकायचं धाडस होईना.

"तुमाले मालूम होतं ना मॅडम?"

"हो," मी म्हटलं. तेवढं तरी खरं बोलले.

तिनं मान हलवली. ती चिडली असती, ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ओरडण्याला कसं तोंड द्यायचं ते मला येतं. पण ती नुसती उभी राहिली. मग मी तेच बोलले जे आम्ही सगळे मोठे लोक बोलतो. "तुझ्या भल्यासाठीच केलं गं सगळ्यांनी. तू रडत बसली असतीस. एखादा पेपर गेला असता तर?"

"पेपर गेला असता तं जुलैमंदी पुन्हा देता येते, मॅडम," ती म्हणाली. "ताईचं लगन पुन्हा कधी हाय?"

हे तिनं टोचून विचारलं नव्हतं. खोका हातात धरून ती उत्तरासाठी थांबली. बाहेरून वडिलांनी दोनदा हाक मारली, तरी थांबली. मग ती गेली.