टेकूमावशीनं पाहिलेलं तोंड

टेकूमावशीचा चेहरा मला नीट आठवत नाही, आणि यात माझी काही चूक नाही. ती कायम पाठीमागं बसायची. पुणतांब्याला आमच्या आळीत कोणी बाळंत व्हायची असली की सुईण पुढं आणि टेकूमावशी मागं, हे ठरलेलं. भिंतीला पाठ लावून, पाय पसरून ती जमिनीवर बसायची, कळा देणारीला पुढ्यात घ्यायची, काखेतून हात घालून धरायची आणि कानाशी म्हणायची, "टाक माज्यावर भार." बाई आडदांड. आमच्या माजघराच्या दारातून शिरताना जरा तिरपी व्हायची. तिच्यावर रेललं की पाठीला भिंत लागतेय की माणूस, ते कळत नसे. मिश्रीचा वास यायचा, त्यावरून माणूस.

खरं नाव तिच्या नवऱ्याच्या तरी लक्षात होतं की नाही, देव जाणे. सगळं गाव टेकूच म्हणे आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. मूल आडवं आहे का, अजून किती वेळ लागेल, असं कोणी विचारलं की ती हात झटकायची. त्यातलं तिला काही कळत नाही, ती आपली टेकू, असं सांगून मोकळी व्हायची. बसण्याआधी बांगड्या कोपराकडे सारायची आणि एकदा बसली की मुलामागची वार पडेपर्यंत उठायची नाही. तोवर तिचे पाय बधीर झालेले असत. दोघींनी धरून उभी करावी लागे, आणि उभी राहिली की पहिल्यांदा भाकरी मागायची. बाळंतिणीच्या आधी हिलाच वाढा, म्हणून माझी आई कुरकुरायची. पण वाढायची.

माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. आदल्या दिवशी सुरू झालेल्या कळा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपेनात. मी गाव डोक्यावर घेतलं. आईला, नवऱ्याला, सोनईच्या यच्चयावत सासरच्या माणसांना शिव्या दिल्या. शेवटी शुद्धच गेली. डोळे उघडले तेव्हा पुढ्यातलं सगळं आवरून झालं होतं. मामा फडक्यात गुंडाळून काहीतरी नदीकडे घेऊन गेला होता. मुलगा होता, एवढंच मला सांगितलं. मेलेलं मूल आईला दाखवत नसत, दाखवलं तर पुढचंही जगत नाही म्हणे. टेकूमावशी माझ्या पाठीमागं तशीच बसून होती. वार कधीच पडली होती, तिला उठायला हरकत नव्हती. ती उठली नाही, आणि त्या दिवशी तिनं भाकरीही मागितली नाही.

नंतर मला दूध आलं. आईनं छाती आवळून बांधली. मी वाढलेलं जेवत होते, सांगितलं की झोपत होते. रडू येत नव्हतं. बायका म्हणाल्या, पोरगी सावरली. सावरायला आधी काही हलावं तरी लागतं, माझ्या आत काहीच हलत नव्हतं. एकच गोष्ट मनात राहून राहून यायची, की तो दिसायला कसा होता. आईला विचारलं तर म्हणाली, इसर आता. सुईणीला विचारलं तर ती उठून चुलीकडे गेली. टेकूमावशीला विचारायचा धीर होईना, आणि तेवढ्यात सासरचं बोलावणं आलं.

दुसऱ्यांदा दिवस राहिले ते त्या मोठ्या दुष्काळात. सोनईत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच पालुपद. जाऊ म्हणे, शेजारीण म्हणे, सुई टोचायला येणारी नर्सबाईही म्हणे, दुसरं सोपं जातं, वाट झालेली असते, पटकन सुटशील. जसा काही पहिला सरावापुरताच झाला होता. या बोलण्याचा राग यायला हवा होता. तोही येत नव्हता. मी मान डोलवायची.

दुसरं बाळंतपण सासरी करायची रीत. मी म्हटलं, मी पुणतांब्यालाच जाणार. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, "जिथं अपेश आलं, तिथंच पुन्यांदा जाती का गं?" त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांना वाटलं, मी भ्याले म्हणून आईकडे पळतेय. भ्यायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. त्या खोलीत त्याचं तोंड पाहिलेल्या तिघी होत्या, त्यातल्या दोघींनी तोंडाला कुलूप लावलं होतं. तिसरीला विचारायचं होतं, म्हणून मी चालले होते. हे कोणाला सांगणार? नवऱ्यानं पिशवी उचलली आणि मला एस.टी.त बसवून दिलं.

गोदावरी कोरडीठाक पडली होती. बायका वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं हंडे भरत होत्या. टेकूमावशी मला तिथंच भेटली, तीही बरीच वाळली होती. चारचौघींत खरा प्रश्न काही तोंडातून फुटेना. मी आपलं विचारलं, दुसरं सोपं जातं म्हणतात, खरं का? ती वाटी हंड्यात ओतत म्हणाली, "ते सुईणीला इचार. मला म्हागं समदीचा भार सारकाच लागतो. पैली काय आन् दुसरी काय."

लोक म्हणत होते ते मात्र खरं निघालं. सकाळी चूल पेटताना कळा सुरू झाल्या त्या एकावर एक, दम खायला उसंत नाही. दुखत होतं पहिल्याइतकंच, पण शेजारच्या घरात कोणाला तरी दुखतंय आणि मी ऐकतेय, तसं. मी हूं की चूं केलं नाही. सुईणच घाबरली, वरड की गं, म्हणाली. एक कळ ओसरली तशी मी मान मागं टाकली आणि विचारलं, "मावशी, तुमी त्याला बघितलं हुतं ना?"

आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. मावशीनं माझ्या काखेतले हात घट्ट केले.

"व्हय. आदी हे हुं दे. मंग सांगते."

मुलगी झाली आणि झाल्या झाल्या रडली. आईचा जीव भांड्यात पडला. सुईणीनं पोरीला पुसून माझ्यापुढं धरलं. मी घेतलं नाही. नको होती असं नव्हे, हातच उचलेनात. वार अजून पडायची होती, म्हणजे टेकूमावशी कुठं जात नव्हती. मी म्हटलं, "आता सांगा." आई म्हणाली, अगं, लक्ष्मी आलीय, शुभ बोल काहीतरी. मावशीनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माझ्या कानाला तोंड लावून ती सावकाश म्हणाली, "कपाळ रुंद हुतं. केस लई, पार मानंपतुर आल्याले. डाव्या कानाची पाळी दुमडल्याली. मुठी झाकल्याल्या. निजल्यावानी दिसत हुता."

मी समोरच्या पोरीकडे पाहिलं. डोक्यावर नावाला जावळ, कान सरळ.

"ही तशी न्हाई," मी म्हटलं.

"न्हाई. त्यो गेला. ही येगळी हाय. घे आता, सुईणीचं हात अवघाडलं."

मी घेतली. रडू तेव्हाही आलं नाही. पण पोरगी मांडीला गरम लागली, जड लागली. त्याआधी कितीतरी महिने मला काही लागलंच नव्हतं. थोड्या वेळानं वार पडली. दोघींनी टेकूमावशीला उठवलं आणि तिनं भाकरी मागितली. घरात रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी होती, ती तिनं नाक मुरडत खाल्ली.

पुढं माहेरी गेले की मी तिच्याकडे जायची आणि तेच विचारायची. तीही तेच सांगायची, त्याच क्रमानं. एकदा मी मुद्दाम विचारलं, गोरा होता का हो? "लाल हुता," ती म्हणाली, "समदीच लाल असत्यात." माझं मन राखायला तिनं कधी एक शब्द वाढवून सांगितला नाही. म्हणून मला ते खरं वाटायचं.

ती गेली ते मला कोणी कळवलं नाही. कळवायला ती माझी कोण? दिवाळीला गेले तेव्हा आईनं चहा गाळता गाळता सांगितलं. मी बरं म्हटलं आणि चहा प्यायले. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आले. तिच्या सुनेला विचारलं, फोटो आहे का? नव्हता.

आता आई नाही, सुईण नाही. परवा माझ्या त्याच मुलीचा फोन आला, तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेत. विचारत होती, आई, दुसऱ्या वेळी कमी दुखतं का गं? मी म्हटलं, लवकर सुटका होते, दुखायचं तेवढं दुखतंच. मग काय झालं कोण जाणे, मी तिला सांगत सुटले. रुंद कपाळ, मानेपर्यंत केस, डाव्या कानाची पाळी, मुठी. आधी एक गेला होता, एवढंच तिला माहीत होतं.

मग म्हणाली, "तू पाहिलं होतंस त्याला?"

"नाही," मी म्हटलं. "पण समोर आला तर ओळखीन."