हात्सुएबाईंचा निवटा

आमच्या गावासमोरचं समुद्राचं पाणी ओहोटीला इतकं लांब जातं की डोळ्यांवर हात धरून शोधावं लागतं, आणि मागे उरतो तो नुसता मऊ, करडा चिखल. हात्सुए सोएजिमा त्याच चिखलाच्या काठी वाढली. नवरा कात्सुमी चिखलात उड्या मारणारे निवटे मासे पकडायचा आणि ती शाळेच्या स्वयंपाकघरात माझ्याबरोबर तीनशे पोरांचं जेवण रांधायची. एकवीस वर्षं आम्ही एकाच चुलीपाशी घाम गाळला, म्हणून हे सगळं मला ठाऊक.

मुलांच्या घरी दर महिन्याला जेवणाचा तक्ता जायचा. कुठल्या दिवशी कुठलं सूप, कुठला मासा, असा. त्याच्या कोपऱ्यात छापील चित्रं असायची: ससा, पांडा, अस्वल. आमच्या मुलखात अस्वल कुणी पाहिलेलं नाही, पण तक्त्यावर ते दर महिन्याला हजर. एका एप्रिलमध्ये संगणक रुसला आणि चित्रं काही निघेनात. कोपरा कोरा बरा दिसणार नाही म्हणून हात्सुएबाईंनी भाजीची यादी करायचं पेन घेतलं आणि भाताच्या वाडग्यावर बसलेला एक निवटा काढला. डोक्यावर बटबटीत डोळे, आणि पुढचे पर हातांसारखे काठावर टेकलेले. नाव ठेवलं पेचा-सान. पेचा म्हणजे चिखलात पाय पडला की होतं ते पचाक, आणि सान म्हणजे राव.

एरवी तो तक्ता दप्तराच्या तळाशी चुरगळून मरायचा. त्या महिन्यात आयांचे फोन यायला लागले, दुसरी प्रत मिळेल का म्हणून. घरात भावंडांची जुंपली होती. हात्सुएबाई मुळा किसताना गाणं म्हणू लागल्या. त्यांचा गळा असा की मुळ्यालाही पाझर फुटावा.

घरी मात्र कात्सुमीने तक्ता बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाला, "बेडूक छान जमलाय."

"निवटा आहे तो."

"तीस वर्षं निवटे पकडतोय मी. असलं काही गळाला लागलं तर माफी मागून परत सोडीन."

दुसऱ्या दिवशी हात्सुएबाई मला म्हणाल्या की आपण आयुष्यभर ज्याचं कालवण केलं त्याचा चेहरा आपल्याला आठवू नये, ही काही बरी गोष्ट नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी, अठ्ठावन्न वर्षांच्या या बाईने नवऱ्याची चिखलफळी काढली. एक गुडघा फळीवर, दुसऱ्या पायाने चिखलाला रेटा, असं घसरत जायचं असतं. लहानपणी त्या हे झोपेतही करायच्या. गळ्यात वही, टोपीत दोन पेन्सिली. मी आणि कात्सुमी बांधावर बसून भाताचे गोळे खात बघत होतो.

मग त्या थांबल्या, आणि इतका वेळ हलल्या नाहीत की निवटे त्यांना विसरले. मे म्हणजे निवट्यांचा लग्नाचा हंगाम. एक नर पाठीवरचा पर शिडासारखा उभारून ताडकन उडाला, हवेत वाकला आणि पचकन पडला. मादीने ढुंकून पाहिलं नाही. तो पुन्हा उडाला. शेजारचा बिळातून बाहेर आला आणि दोघं एकमेकांसमोर जबडे वासून उभे राहिले, नळावरच्या भांडणासारखे. तेवढ्यात पहिल्याने डोळे खोबणीत खाली ओढले, भिजवले आणि पुन्हा वर काढले. जणू म्हणाला, थांब हं, चष्मा पुसतो, मग बघतो तुझ्याकडे.

हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. बांधावरून आम्हाला एवढंच दिसलं की हात्सुएबाईंचे खांदे गदगदू लागले, मग सगळी बाईच हलायला लागली, आणि हसता हसता ती फळीवरून कलंडून कमरेपर्यंत चिखलात गेली. वही मात्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली.

कात्सुमी शेजाऱ्याची फळी घेऊन पोचला. "हात दे."

"आधी वही घ्या."

"वही बुडत नाहीये, तू बुडतेयस."

"अहो, तो अजून उडतोय. जरा बाजूला सरका, दिसत नाही मला."

आणि कमरेएवढ्या चिखलात रुतलेल्या बायकोसाठी तो माणूस खरंच बाजूला सरकला. तिचं चित्र पुरं होईपर्यंत वही धरून थांबला.

जूनच्या तक्त्यात नवा पेचा-सान आला. गोंडस नव्हता तो. शेखी मिरवणारा, शीघ्रकोपी, अंगभर निळे ठिपके, गालात पाण्याची गुळणी, आणि गाजराच्या सूपवरून उडी मारून कुणी बघतंय का ते पाहणारा. आता कळलं, हात्सुएबाई म्हणाल्या, आधी मी पांडालाच माशाचं कातडं पांघरवलं होतं. त्यानंतर त्यांना जे दिसेल ते चित्रात यायला लागलं. एकच नांगी मोठी असलेला खेकडा ती हलवून कारल्याला 'नको नको' करायचा. चमचा पक्षी चोचीने सूप ढवळायचा. तासन्‌तास एका पायावर उभा राहून सगळ्यांवर नजर ठेवणारा एक बगळा होता, आणि त्याचा टाय आमच्या हेडमास्तरांच्या टायसारखाच पट्ट्यांचा होता.

हेडमास्तर एगाशिरा तक्ता हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी पातेल्यांत माना घातल्या. त्यांनी घसा खाकरला. मान याहून लांब करता येईल का, असं त्यांनी विचारलं. बायको म्हणाली होती की चित्रात ते बारीक दिसतात.

त्या उन्हाळ्यात गावाच्या दरवर्षीच्या चिखलखेळांत मुलांनी पेचा-सान हवाच म्हणून हट्ट धरला. आम्ही जुन्या गाद्यांच्या खोळी शिवून त्याला उभा केला. आत शिरायला व्यायामाचे मास्तर तयार झाले, पण त्यांना नुसतं चालताही येईना. तोल जाऊन ते दोनदा बसले आणि मुलं म्हणाली, हा पेचा-सान नाही. तेव्हा हात्सुएबाईंनी एप्रन सोडला. आत शिरल्या, पाठीवरचा पर दोरीने ताडकन उभा केला आणि बांधाच्या पायरीवरून जी उडी मारली, ती हवेत वाकली की नाही यावर गावात अजून वाद आहे. पचाक मात्र सगळ्यांनी ऐकलं. तीनशे मुलं त्यांच्यामागे चिखलात उतरली. काही आयाही उतरल्या. एगाशिरा सर बूट काढून ठेवत होते, तेवढ्यात कुणीतरी त्यांना ढकललं. कुणी, ते मी सांगणार नाही. माझी नोकरी अजून दोन वर्षं बाकी आहे.

हात्सुएबाई मागच्या वर्षी निवृत्त झाल्या, पण तक्त्याची चित्रं त्यांच्याकडेच आहेत. सध्या त्या बिळातल्या एका माशाच्या मागे लागल्यात. त्याला डोळे जवळजवळ नाहीत, आणि तोंडभर सुळे. पहिलीतली एक मुलगी त्याला बघून रडली. हात्सुएबाई तिच्या घरी गेल्या, तिच्याशेजारी बसून त्याला दात घासायचा एक ब्रश काढून दिला, आणि आता ती मुलगी सगळ्यांना सांगते की तो फार गरीब आहे, फक्त त्याला सकाळी दात घासायला वेळ लागतो.