पूजेतला पाना

अण्णांच्या तेराव्याला गोडाचं जेवण झाल्यावर कंधारचा आत्येभाऊ ओसरीवर बसला आणि त्याने ती जुनी गोष्ट पुन्हा सांगितली. "मामानं दसऱ्याला गाडीचं इंजिन असं पुसलं, असं पुसलं, की वायरीवरचे नंबरच गेले. गाडी म्हणली, आता मी कुठल्या नंबरची?" सगळे हसले. मीही हसलो. तीस-पस्तीस वर्षं मी या गोष्टीवर हसत आलो आहे. त्या दिवशी मात्र आत अण्णांचा फोटो होता, फोटोला हार होता, आणि माझं हसू तोंडात तसंच राहिलं.

गोष्ट खोटी आहे. ती मी रचली होती.

तेव्हा लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. नवीन कचेऱ्या, नवीन साहेब, बदल्या. अशाच एका बदली झालेल्या साहेबाकडून अण्णांनी जुनी मोटार घेतली. अण्णा, माझे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. गाडी चालवायला ते माझ्याबरोबरच शिकले, पण बॉनेटच्या आत काय आहे याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. तो प्रांत माझा, असं मी ठरवलं होतं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि मोटार दुरुस्तीचं एक इंग्रजी पुस्तक मी दोनदा वाचलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी एक मिस्तरी होता. गाडी धक्के खायला लागली की अण्णा म्हणत, त्याला दाखव. मला ते लागायचं. मिस्तरी हसत म्हणे, "सर, तुम्ही वाचा. आम्ही पाना फिरवतो."

त्या साली पाऊस नव्हता. गल्लीतला हापसा आटला होता, तो खोलून त्याचे पाइप भिंतीला टेकवून ठेवले होते. टँकर आला तर दोन घागरी मिळत. दसरा जवळ आला तशी कंधारहून आत्याची चिठ्ठी आली. आत्या अण्णांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलेलं. आता ती अंथरुणाला खिळली होती. चिठ्ठी आत्येभावाने लिहिली होती, शब्द तिचे होते: यंदा सोनं हातात द्यायला ये, पुढच्या सालाचं मला सांगता येत नाही.

दरवर्षी अण्णा दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन तिच्याकडे जात. यंदा गाडीने जायचं, ती दारात उभी करायची आणि आक्काला खिडकीतून दाखवायची, असं त्यांनी ठरवलं. गाडीने वाटेत दगा देऊ नये म्हणून मी इंजिनाचे चारही स्पार्क प्लग बदलायला घेतले. घरीच, अष्टमीच्या दुपारी.

पुस्तकात लिहिलं होतं की वायरींची अदलाबदल होऊ देऊ नका. मी कागदाच्या चिठ्ठ्या करून, ग्रंथालयातल्या पुस्तकांना लावतो तसे चार वायरींवर चार आकडे खळीने चिकटवले. जुने प्लग निघाले. नवीन हाताने फिरवत बसवले. पुस्तक सांगत होतं, हाताने घट्ट झाला की पान्याने पाव फेरा, बस. पण पाव फेरा म्हणजे किती, हे माझ्या हाताला कळेना. सैल राहिला तर, ही भीती. तिसऱ्या प्लगला मी भिंतीजवळचा हापशाच्या पाइपचा तुकडा आणून पान्याच्या दांड्यावर चढवला आणि जोर दिला. पाना कलला. आत 'टक्' असा आवाज झाला.

मला तेव्हाच कळलं होतं. प्लगचं पांढरं चिनीमातीचं अंग तडकलं की असाच आवाज येतो. मी वरून पाहिलं, काही दिसलं नाही. मी वायरी आकड्यांप्रमाणे जिथल्या तिथे बसवल्या, बॉनेट लावलं, आणि गाडी चालू करून पाहिलीच नाही. दसऱ्यालाच काय ते बघू, असं मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. एरवी अण्णा बादल्या ओतून गाडी धूत. त्या दिवशी अर्धा तांब्या पाणी घेऊन, फडकं भिजवून त्यांनी गाडी पुसली, बॉनेट उघडून इंजिनही पुसलं. दोन चिठ्ठ्या ओल्या होऊन निघून आल्या. वायरी त्यांनी हलवल्याही नाहीत. मग माझा प्लग पाना, पकड, पेचकस असं सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. सीमोल्लंघन करून आल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही, हा त्यांचा नेम.

दसऱ्याच्या सकाळी अण्णा धोतर नेसून, पानांची पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. गाडी चालू झाली आणि थरथरायला लागली. तीनच प्लग चालत होते.

"काय झालं रे?"

मी बॉनेट उघडलं. तिसऱ्या प्लगच्या मुळाशी आता बारीक काळी रेघ दिसत होती. अण्णा मागे येऊन उभे राहिले. शेजारचे दोघे आले.

"अण्णा," मी म्हणालो, "तुम्ही आकडे पुसलेत. आता कुठली वायर कुठली, कसं कळणार?"

त्यांचा चेहरा अजून दिसतो. आयुष्यभर मुलांचे पेपर तपासलेला माणूस, स्वतःची चूक सापडल्यासारखा उभा. "मला काय माहीत रे," ते म्हणाले. मग हळूच, "जुने प्लग मी कागदात गुंडाळून ठेवलेत, टाकले नाहीत. ते घालून बघतोस का? पूजेतला पाना घे. मी देवाची माफी मागतो. आक्का वाट बघत असंल."

जुना प्लग घालायचा तर तडकलेला बाहेर काढावा लागणार होता. सगळ्यांसमोर.

मी देव मानत नव्हतो. त्यांच्या नेमांवर कितीदा बोललो होतो. तरी म्हणालो, "पूजेतला पाना कसा उचलायचा, अण्णा? तुम्हीच म्हणता ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यांना बरं वाटलं असावं, पोरगा नेम पाळतो म्हणून.

मिस्तरीचं दुकान सणाला बंद होतं. आम्ही एसटीने निघालो. दसऱ्याची गर्दी, दोन गाड्या सोडून तिसरीत उभं राहायला जागा मिळाली. लोह्याला उतरलो तर कंधारची गाडी गेलेली. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

आत्येभाऊ दारातच म्हणाला, "मामा, लई उशीर केलात. नवं लुगडं नेसून दुपारपातर बसली होती. मग मान टाकली, ती बोलंना झाली."

अण्णांनी आत्याच्या तळव्यावर पान ठेवलं आणि तिची बोटं मिटवली. बोटं पुन्हा उघडली. त्यांनी पुन्हा मिटवली. "आक्का, मी गाडी पुसली गं," ते म्हणाले. "माझ्यामुळं झालं." मी भिंतीशी उभा होतो. पाचव्या दिवशी ती गेली. ती पुन्हा बोललीच नाही.

मी मधल्या दिवसांत एकटाच लातूरला परतलो होतो. मिस्तरीने प्लग काढून उजेडात धरला. "पाइप लावून आवळला का सर?" त्याने कागदातला जुना प्लग घातला, गाडी सुरळीत चालली. हात पुसत तो म्हणाला, "तीन प्लगवर बी हळूहळू कंधार गाठलं असतं की. कायको बसनं गेले?"

अण्णा परत आल्यावर सांगू, असं ठरवलं होतं. ते आले तेव्हा, आक्का आईच्या जागी म्हणून, केस काढलेले, खांदे उतरलेले. नाही सांगितलं. पुढे वर्षभराने आत्येभावाने त्या प्रसंगाची गंमत केली, बहुधा अण्णांचं ओझं हलकं व्हावं म्हणून. अण्णाही हसले. मग ती गंमतच राहिली.

यंदाच्या दसऱ्याला मी कंधारला गेलो. आत्येभाऊ आता पंचाहत्तरीचा आहे. पानं देऊन त्याला सगळं सांगितलं. तो पानांचे देठ मोडत बसला.

"आई सारखी इचारायची, मोटारीचा आवाज आला का," तो म्हणाला. "आता मामा न्हाईत. मला कशाला सांगायलास?"

रात्रीच्या पंगतीत त्याच्या सुनेने हौसेने विचारलं, "मामंजी, ती नंबर पुसल्याची गोष्ट सांगा की."

त्याने घास खाली ठेवला. "मामामुळं गाडी बंद पडली न्हाई," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. पंगत थांबली. पुढचं मला सांगावं लागलं.