दाउरेनच्या मुठीसाठी

कार्लिगाशच्या आगाची, म्हणजे थोरल्या भावाची, दाउरेनची, मूठ एकदा मिटली की लवकर उघडत नसे. गावात कुणाशी हात मिळवला की तो हात अडकलाच. "जेवल्याशिवाय सोडत नाही, चल आत," म्हणत तो पाहुण्याला तसाच घरात ओढायचा. लोक खदखदून हसायचे. पुढे स्नायूंचा आजार बळावून त्याचं दोन तारांचा दोंब्रा वाजवणं बंद पडलं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

अल्माटीच्या प्रयोगशाळेत कार्लिगाश त्या आजाराच्या हात धुऊन मागे लागली होती. मूळ होतं पेशीतल्या आरएनएच्या एका धाग्यात. तीच तीन अक्षरं शेकडो वेळा आल्यानं धागा स्वतःवरच दुमडायचा आणि त्या घडीत स्नायूंना लागणारी प्रथिनं अडकून पडायची. त्या घडीत नेमका बसून प्रथिनांना मोकळं करील असा चिमुकला रेणू तिला घडवायचा होता. रेणू बसायचे, पण वाट्टेल तिथे! डीएनएलासुद्धा चिकटायचे, पेशीच मारून टाकायचे. "मेले लोचट!" ती वैतागून म्हणायची.

प्रयोगासाठी दंडातला तुकडा द्यायला दाउरेन स्वतः आला होता.

"एवढ्याशा मांसात काय होणार गं? रस्सा तरी होईल का?"

"गप रे, आगा. बरा झालास की आधी माझ्यासाठी वाजवायचं."

"वाजवीन की. तुझा तो रेणू तर येऊ दे."

गेल्या हिवाळ्यात त्याचं हृदय थांबलं. हा आजार हृदयालाही सोडत नाही. दंडाच्या तुकड्यातल्या त्याच्या पेशी मात्र प्रयोगशाळेतल्या ताटलीत वाढत राहिल्या. कार्लिगाश त्यांना खाऊपिऊ घालायची आणि त्याच्या आठवणीनं तिला तिथंच रडू फुटायचं.

परवा दुपारी तिच्या हाताखालची तोलगनाय धावत आली. "ताई, सुयिंशी! सुयिंशी!" गोड बातमी सांगायची तर आधी असं ओरडून बक्षीस मागायचं. कार्लिगाशनं गळ्यातला रेशमी रुमाल काढून तिच्या हातात ठेवला.

रेणू घडीतच बसला होता. अडकलेली प्रथिनं सुटली होती, पेशीही जिवंत होत्या. औषध व्हायला अजून कित्येक वर्षं लागणार होती, पण तिनं लगेच गावी फोन लावला.

"आई, सुयिंशी!"

"अगं बाई! माग पोरी, काय हवं ते माग."

"आधी आगाला दे ना फोन," तिच्या तोंडून निघून गेलं.

"थांब हं, बोलावते," आईही सवयीनं म्हणाली.