समोरच्या दुकानाचा पहिला कप

एका रविवारी मी हमीदभाईंचा धंदा बंद पाडला होता.

भांडलो नाही, तक्रार केली नाही. त्यांनी दिलेला चहाचा कप हातात घेतला आणि प्यायलो नाही. एवढंच.

हमीदभाई चार दिवसांपूर्वी गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुण्याहून धरणाकडे आणि पुढे सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा कॅफे आहे. समोर, बरोबर बावीस पावलांवर, त्यांचं चहाचं दुकान. शनिवार-रविवारी अर्धं पुणे या रस्त्यावर असतं. उरलेले पाच दिवस आम्ही दोघं एकमेकांच्या दुकानातली गिऱ्हाइकं मोजायचो.

मी कॉफी कोणाकडे शिकलो नाही. व्हिडिओ, पुस्तकं आणि वाया घालवलेली किलो-किलो पावडर, हेच माझे गुरू. अठरा ग्रॅम म्हणजे अठरा ग्रॅम. थर्मामीटर घातल्याशिवाय मी आजही कप पुढे करत नाही.

हमीदभाई पत्ती मुठीने टाकायचे.

माझा वजनकाटा पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाले, "साहेब, सराफी चालू केली का?"

मुठीने टाकून रोज तीच चव. मला याचा राग यायचा. आज कबूल करतो.

मी सहाला शटर उघडायला लागलो, तर ते पावणेसहाला. मी साडेपाचला, ते सव्वापाचला. कोणी बोललं नाही, पण शर्यत होती आणि दोघांनाही माहीत होती.

त्यांच्या वडिलांनी एक नियम घालून दिलेला. दिवसाचा पहिला कप, जो माणूस पहिला दिसेल त्याला. फुकट. आणि त्याने तो संपवल्याशिवाय दुसरा विकायचा नाही. भवानी त्यानंतर.

शर्यतीपायी झालं असं, की त्यांना पहिला दिसणारा माणूस रोज मीच असायचो.

सुरुवातीला मी 'नको' म्हणायचो. मग तो कप दूधवाल्याला जायचा. नंतर घ्यायला लागलो. उभ्याउभ्या प्यायचो आणि खोट काढायचो. आलं जास्त. साखर जास्त. ते मान डोलवायचे. दुसऱ्या दिवशी आलं तेवढंच, साखर तेवढीच.

तर, तो रविवार.

कोथरूडचा एक सायकल ग्रुप होता. चाळीसेक जण. महिन्यातून एकदा यायचे आणि सगळेच्या सगळे हमीदभाईंकडे. माझ्याकडे नवीन मशीन, पुसलेली टेबलं, आणि शून्य माणूस.

त्या महिन्यात मी बायकोला सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर कॅफे बंद करतो.

लांबून सायकलींचे दिवे दिसले. त्याच वेळी हमीदभाई कप घेऊन आले. मी घेतला.

काउंटरवर ठेवला. आणि का कोण जाणे, त्यात थर्मामीटर घातला.

चौऱ्याहत्तर.

ग्रुप त्यांच्या दारात उतरला. हेल्मेटं निघाली. चहा उकळत होता, वास माझ्यापर्यंत येत होता. हमीदभाई हात पुसत उभे. कोणाला कप देईनात.

एकसष्ट.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काच पुसायला घेतली.

बावन्न.

"काका, चहा तयार आहे ना? मग द्या की." एक जण वैतागून म्हणाला. आवाज रस्त्याच्या या बाजूला स्पष्ट आला.

हमीदभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. पाच मिनिटं थांबा, एवढंच म्हणाले.

पाच मिनिटं कोण थांबतंय. गडावर ऊन व्हायच्या आत पोचायचं असतं. आधी दोघं रस्ता ओलांडून आले. मग सहा. मग सगळे.

त्या सकाळी मी चाळीस कॉफ्या दिल्या. एकही चुकली नाही. अठरा ग्रॅम, प्रत्येक वेळी.

गर्दी गेली तेव्हा थर्मामीटरवर एकतीस होतं. चहावर साय धरली होती.

हमीदभाई आले. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. धंदा आहे, तुमचा नियम तुमच्यापाशी, वगैरे. सगळी पाठ.

त्यांनी कपात बोट बुडवून बघितलं.

"गार झाला, साहेब. दुसरा आणतो."

आणला. मी प्यायलो. खोट काढली नाही.

तो ग्रुप पुढच्या महिन्यात निम्मा माझ्याकडे आला. नंतर इतर यायला लागले. कॅफे टिकला. आणि कप तर दुसऱ्याच दिवशी, सोमवारी पहाटे आला, मंगळवारीही आला. त्या रविवारचा विषय त्यांनी आयुष्यात काढला नाही. मीही नाही. माफी हा शब्द रोज तोंडापर्यंत यायचा आणि मी म्हणायचो, साखर जास्त आहे.

आज चौथ्या दिवशी त्यांचं दुकान उघडलं. मुलगी नसीम आली होती. बँकेत अधिकारी आहे, रजा काढून आली. अब्बांचं दुकान बंद पडू द्यायचं नाही, म्हणाली.

दारात सात-आठ माणसं उभी होती. तिने पहिला कप भरला आणि सरळ रस्ता ओलांडून माझ्याकडे.

"अब्बा म्हणायचे, समोरचे साहेब नावं ठेवतील, पण कप ठेवणार नाहीत."

मी कप घेतला. विचारलं, "त्या रविवारचं सांगितलं होतं का त्यांनी?"

"कुठला रविवार?"

पलीकडे माणसं थांबली होती. मी थर्मामीटरला हात लावला नाही. उकळता चहा तसाच घशाखाली घातला. जीभ पोळली, अजून बधिर आहे. रिकामा कप तिच्या हातात दिला.

ती मान वर करून बघत राहिली. काहीतरी ऐकायचं असावं.

"साखर जास्त आहे," म्हणालो.

ती हसली, डोळे पुसले आणि जाऊन पहिला पैसा गल्ल्यात टाकला.

नसीम, तू विचारलंस कुठला रविवार. वर लिहिलाय. वाचून उद्या कप आणावासा वाटला नाही, तर तो दूधवाल्याला दे. तुझा हक्क आहे.

हमीदभाई, आजचा कप संपवला. दुकान चालू झालं.

या आता.