नवव्या पानावरचं कलम

बेळगावातल्या वडगावच्या ज्या गल्लीत आमचा बँड सराव करायचा, तिथं आमच्या आवाजाबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही. दोन्ही बाजूंच्या घरांत माग चालायचे. त्या खडखडाटात माणसं एकमेकांशी बोलायची तीसुद्धा ओरडूनच. एक ड्रमसेट आणि दोन गिटार यांची भर कुणाच्या लक्षातही येत नसे. वीज गेली की माग थांबायचे, आमचे अ‍ॅम्प्लिफायर थांबायचे, आणि सगळी गल्ली उंबऱ्यावर येऊन बसायची.

जागा आमच्या ड्रमरच्या घरची होती. वडील वारल्यावर त्यानं दोन मागांतला एक विकला आणि रिकाम्या जागेत ड्रम मांडले. उरलेल्या मागावर तो दिवसा साड्या विणायचा. त्याची आई भिंतीशी बसून कांड्यांवर सूत भरत असे. संध्याकाळी आम्ही तिघं जमायचो. गायक एका गॅरेजमधून यायचा, गिटारवाला न्यायालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून, आणि मी कॉलेजच्या ग्रंथालयातून. मी मूळचा उचगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. गाणी लिहायचो आणि बेस गिटार वाजवायचो. बेस मला कधी फारसा जमला नाही. गाणी जमायची, असं सगळे म्हणायचे, आणि मला ते पटत होतं.

ड्रमरच्या घरचा माग जुना होता. आडवं सूत नेणारा धोटा एका बाजूनं झटकन जायचा आणि परत येताना किंचित रेंगाळायचा. लहानपणापासून तेच ऐकत त्याचा हात घडला होता. चार ठोक्यांतला शेवटचा ठोका तो केसभर उशिरा टाकायचा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, चुकला. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याचंच डोकं त्या ठोक्याची वाट बघत थांबायला लागायचं. आमच्या गाण्यांत आमचं असं जे काही होतं, ते बरंचसं त्या उशिरात होतं. हे मला आज लिहिता येतं. तेव्हा मला वाटायचं, ते माझ्या शब्दांत आहे.

आम्ही स्वतःला फार स्वतंत्र समजायचो. वरातीत वाजवायचं नाही. कुठल्याही पक्षाच्या स्टेजवर चढायचं नाही. आमची गाणी बाजारात लोक बोलतात तशी होती, ओळ मराठीत सुरू व्हायची आणि कानडीत संपायची. एका मंडळानं कानडी ओळी गाळायला सांगितल्या, दुसऱ्यानं मराठी. दोन्हीकडून आम्ही सामान उचलून परत आलो.

"एकानं चहा दिला न्हाय, दुसऱ्यानं खुर्ची," ड्रमर म्हणाला. "आपण आपलं हुबारूनच वाजवायचं."

आमच्यात बसून वाजवणारा तो एकटाच होता, म्हणून आम्ही परतीच्या टेम्पोत बराच वेळ हसत होतो.

मग एका रेकॉर्ड कंपनीचा फोन आला. आमचं एक गाणं कुणीतरी त्यांना ऐकवलं होतं. त्यांना सहा गाणी हवी होती, पण एका भाषेत. पत्रव्यवहार माझ्याकडं आला, कारण इंग्रजी मला येत होतं. दोन महिने मी ग्रंथालयातल्या संगणकावरून त्यांच्याशी भांडलो. शब्द बदलणार नाही, कानडी ओळ निघणार नाही, हीच या गावची भाषा आहे, असं पानंच्या पानं लिहिलं. ती पत्रं लिहिताना मला स्वतःचा अभिमान वाटायचा. मध्ये एकदा कंपनीतल्या माणसानं फोनवर सहज विचारलं, "तुमच्या ड्रमरचा ताल जरा सुटतो, नाही का?"

"त्याची तशी पद्धत आहे," मी म्हणालो. त्याच्यावर मी एकही पान लिहिलं नाही.

शेवटी कंपनी नमली. कराराचा नवा मसुदा आला, त्यात लेखकाच्या संमतीशिवाय गीताचा एकही शब्द बदलला जाणार नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. नवव्या पानावर आणखी एक कलम नव्यानं आलेलं होतं. ध्वनिमुद्रणात कुठल्याही वादकाच्या जागी दुसरा वादक घेण्याचा अधिकार कंपनीला राहील. मी ते दुपारच्या सुट्टीत, ग्रंथालय रिकामं असताना वाचलं. दोनदा वाचलं. कुठल्याही वादकाच्या म्हणजे कुणाच्या, हे मला विचारावं लागलं नाही.

त्या रविवारी ड्रमरच्या घरी चटईवर बसून मी सगळा करार मराठीत सांगत वाचून दाखवला. आमच्यात रीतच तशी पडली होती. बँकेचा कागद असो की हॉलचं भाडेपत्र, मी वाचायचो आणि बाकीचे ऐकायचे.

"कळलं नाही तर थांबवा," मी म्हणालो.

"मास्तर, तू वाच. आमी माना हलवतो," ड्रमर म्हणाला. "सही कुठं ठोकायची तेवढं दाखव."

"मान तरी नीट हलव की," गायक म्हणाला. "तीबी तुझी उशिरानंच हलती."

शब्द बदलणार नाहीत हे कलम मी सावकाश वाचलं. गायकानं माझ्या पाठीवर थाप मारली. मग नववं पान आलं. ड्रमरची आई तेवढ्यात चहा घेऊन आली, पण दोष तिच्यावर ढकलता येणार नाही. ती कप ठेवून गेली तरी मी त्या पानावरच होतो. "ह्यात स्टुडिओचे नेहमीचे नियम आहेत," असं म्हणून मी पान उलटलं.

अशी कलमं सगळ्याच करारांत असतात, वापरत कुणी नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण वाचून दाखवलं असतं तर गायक उठून उभा राहिला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. करार तिथंच फाटला असता, आणि माझे शब्द वडगावच्या गल्लीतच राहिले असते. ड्रमरनं सगळ्यांत आधी सही केली, कानडीत, जपून, शाळेत काढतात तशी.

पुण्यात आम्ही तीन दिवस रेकॉर्डिंग केलं. ड्रमरच्या कानात तालाच्या मोजमापाची टिकटिक लावली होती. तिच्याशी झगडत तो वाजवत राहिला. शेवटच्या दिवशी तिथल्या माणसानं "छान झालं" म्हणून सांगितलं, आणि येताना ड्रमर गाडीभर बडबडत होता.

दीडेक महिन्यानं तयार गाणी आली. आम्ही ती त्याच्याच घरी, त्याची आई बाजाराला गेलेली असताना ऐकली. पहिलं कडवं संपायच्या आत गायकानं माझ्याकडं बघितलं. ड्रमर गुडघ्यावर बोटं वाजवत होता, ती थांबली. शेवटचा ठोका प्रत्येक वेळी अगदी वेळेवर पडत होता.

"कोण हाय रं ह्यो?" ड्रमरनं विचारलं. "हात चांगला हाय."

गायकानं तिथूनच कंपनीला फोन लावला, ओरडला, आणि तिकडचं उत्तर ऐकलं. फोन बाजूला धरून मला म्हणाला, "करारात हाय म्हणत्यात. हाय व्हय रं?"

"असेल," मी म्हणालो. "बारीक अक्षरात टाकतात असलं काहीतरी."

"जाऊ दे की," ड्रमर म्हणाला. "एवढं बाड हुतं. सुटलं आसंल मास्तरच्या नजरंतनं." आणि वर मलाच म्हणाला, "तू नको मनाला लावून घिऊस."

त्या क्षणी सांगता आलं असतं. पुढं चार वर्षांत तसे क्षण पुष्कळ आले, आणि प्रत्येक वेळी मागच्या वेळेपेक्षा ते जड होत गेलं.

गाणी चालली. बेळगावात, निपाणीत, कोल्हापुरात आम्हाला बोलावणी येऊ लागली. लोक माझ्या ओळी, कानडी शेवटासकट, माझ्याआधी म्हणायचे. बोलावणाऱ्यांची एकच अट असायची, रेकॉर्डवर आहे तसं वाजवा. ड्रमरनं ते मनावर घेतलं. माग बंद असायचा आणि आई घरी नसायची त्या वेळी तो कानात गाणं लावून बसायचा आणि त्या न पाहिलेल्या माणसासारखं वाजवायला शिकायचा. एकदा मी लवकर पोचलो तर तो तेच करत होता. मला बघून कानातलं काढलं.

"आलं बघ जवळजवळ," तो म्हणाला. "शेवटचा ठोका तेवढा मागं वढतोय. सवय, दुसरं काय."

काही महिन्यांत तीही सवय गेली. निपाणीच्या कार्यक्रमात त्यानं एकही ठोका उशिरा टाकला नाही. खाली उतरल्यावर कुणीतरी म्हणालं, अगदी रेकॉर्डसारखं झालं. तो खूश झाला. मी त्या रात्री जेवलो नाही, आणि पोट बिघडल्याचं सांगितलं.

गेल्या वर्षी त्याला कावीळ झाली. आधी घरचं औषध, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. पंधरवड्यात तो गेला. बँड त्यानंतर उरला नाही. गिटारवाला आता बंगळुरात असतो.

दिवसकार्य झाल्यावर आठेक दिवसांनी मी त्याच्या आईकडं गेलो. तिनं कांड्या भरायला पुन्हा सुरुवात केली होती, शेजारच्यांच्या मागासाठी. मला म्हणाली, "तुमचं ते गाणं लाव की रं फोनवर. त्याचं वाजवणं ऐकू दे जरा."

मी लावलं. दुसरं काही सुचलंच नाही. तिनं चाकावरचा हात थांबवला. अर्ध्या मिनिटात म्हणाली, "हा न्हाय तो."

"मावशी, स्टुडिओत आवाज साफ करतात. त्यामुळं तसं वाटतं."

"आवाजाचं न्हाय म्हणत मी. हात दुसऱ्याचा हाय." मग म्हणाली, "माझ्या पोराचं काय तरी दे आणून. किती लोकं फोन धरून हुबी असायची तुमच्या म्होरं."

मी शोधायला लागलो. कंपनीला लिहिलं, पुण्यातलं त्याचं मूळ वादन हवं म्हणून. ते ठेवलेलं नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. कंपनीला ऐकवलेलं ते पहिलं गाणं गायकाच्या जुन्या फोनवर होतं, आणि तो फोन बदलून गेला होता. आम्ही लोकांना माहीत नव्हतो तेव्हा समोर दहा-बारा माणसं असायची, आणि त्यांतल्या कुणी कधी फोन काढला नव्हता. फोन निघाले ते रेकॉर्ड आल्यावर. काकतीपासून निपाणीपर्यंत ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांच्याकडं होतं ते सगळं नंतरचं, सरळ झालेलं. शेवटी निपाणीच्या एका विद्यार्थिनीनं एक चित्रफीत पाठवली. ती स्टेजच्या कडेला उभी होती, म्हणून गायकाऐवजी ड्रमरच पूर्ण दिसत होता. त्यात काय ऐकू येणार, हे मला माहीत होतं. तरी घेऊन गेलो. निदान चेहरा दिसेल, असं म्हटलं.

त्याच्या आईची नजर अधू झाली आहे. तिनं फोन बघितलाच नाही, मांडीवर पालथा ठेवला आणि ऐकत राहिली.

"हां. हा हाय तो," ती म्हणाली. मला हायसं वाटलं. मग तिच्या कपाळावर आठी पडली. "पर असा का वाजवतोय? नवी पोरं मागावर बसली आन् मालक मागं हुबा असला की अशी इणत्यात. कुणाला भ्यायला हुता रं ह्यो?"

मी सांगितलं. नवव्या पानापासून सांगितलं, मधलं काही न गाळता. फोनवरचं गाणं संपून पुन्हा सुरू झालं, ते बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

"तुला वाचाय येत हुतं न्हवं?" तिनं विचारलं.

"येत होतं."

"आन् त्याला वाटलं, सुटलं तुझ्याकडनं."

"हो."

तिनं फोन माझ्याकडं सरकवला. रडली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. कांडी चाकावर चढवत म्हणाली, "त्या दोघांस्नी सांगितलंस?"

"नाही."

"आधी त्यांस्नी सांग. मग ये."

गायकाला मी त्याच आठवड्यात त्याच्या गॅरेजसमोर सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले, आणि आत जाऊन शटर अर्धं खाली ओढलं. बंगळुरात फोन केला तेव्हा गिटारवाला म्हणाला, "त्याच्या म्होरं बोलला असतास तर त्यानं तुला माफच केलं असतं रं." ते मला माहीत होतं. तेवढ्यासाठीच बोललो नसेन, असं हल्ली वाटतं. त्यानं हसून सोडून दिलं असतं, आणि मला त्याच्या शेजारी उभं राहून, त्याच्याकडं बघत, ते घ्यावं लागलं असतं.

दोघांना सांगून झालं, त्याला आता तीन महिने होतील. वडगावला अजून गेलो नाही.